अर्धी गोळी, जेवणानंतर

तिसऱ्यांदा गर्भाची पिशवी साफ करून आणली, तेव्हा बेबाबाईला जीपमधून उतरायला कोणी हात दिला नाही. सासू धुरपदाबाई पुढच्या सीटवरून उतरून सरळ ओट्यावर गेली आणि शेजारणींना सांगू लागली, की जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला नळ्याही तपासल्या, आता देवाची मर्जी. बेबाबाई दाराची कड धरून खाली उतरली. ओटीपोटात कळ येत होती, भुलीच्या औषधानं तोंड कडू झालं होतं. ओट्यावरच्या बायका तिच्या चालण्याकडे बघत होत्या, बाजारात फसून घेतलेल्या जनावराकडे बघावं तशा.

तिचा नवरा पितांबर संध्याकाळी केळीच्या बागेतून आला. हातपाय धुऊन खोलीत डोकावला आणि दुखतं का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली. हो म्हटलं असतं तर पुढचंही तोंडातून निघालं असतं, आणि ते निघू नये म्हणून ती दोन-तीन वर्षं दात आवळून होती.

पुढचं म्हणजे एवढंच, की या दोन-तीन वर्षांत पितांबर तिच्याजवळ आलाच नव्हता.

रावेर तालुक्यातलं त्यांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. केळीची बाग होती, ट्रॅक्टर होता, विहिरीला पाणी होतं. थोरला भाऊ कौतिक कारभार बघायचा, त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, तीन मुलं होती. बेबाबाई या घरात आली तेव्हा पहिली काही वर्षं नवराबायकोचं चारचौघांसारखं चाललं होतं. मूल राहिलं नाही, पण तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. मग पितांबर हळूहळू विझत गेला. जेवून उठला की झोप. सकाळी कपाळ धरून बसायचा. रोज दाढी करणारा माणूस आठवड्यातून एकदा वस्तरा घ्यायला लागला, आणि अंगानं मऊ, सुस्त झाला. बेबाबाईला आधी वाटलं, आपल्यावरून मन उडालं. मग वाटलं, बाहेर कोणी आहे. तिनं त्याचे सदरे हुंगून पाहिले, सावद्याच्या बाजाराला तो किती वेळ लावतो ते पाहिलं. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला एकदा वाटून गेलं. निदान भांडायला कोणी मिळालं असतं.

आणि अशा घरातून सासू तिला दर वर्षी जळगावला न्यायची. टेबलावर झोपवायची. पितांबर खळ्यात उभा राहून जीप जाताना बघायचा. एकदाही तो म्हणाला नाही, की हिला नेऊ नका.

या तिसऱ्या खेपेनंतर कौतिकनं दुसरी बायको करायची गोष्ट काढली. बऱ्हाणपूरकडच्या झुलाल नावाच्या एका मध्यस्थाला निरोप गेला. कायद्याचं कौतिकला माहीत होतं, पण कायदा काय घरात येऊन बघतो का, असं तो जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला. बेबाबाई तेव्हा भाकरी वाढत होती. पितांबरनं मान खाली घालून भाकरी घेतली आणि भरताबरोबर खाल्ली.

एकोणनव्वद सालच्या दिवाळीनंतर पितांबरनं झिपरूला उडवलं.

झिपरू त्यांच्याच गावचा, सायकलवरून घड तोडायच्या कामाला जात होता. पितांबर केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली घेऊन सावदा स्टेशनला निघाला होता. रस्ता मोकळा, ऊन लख्ख. झिपरू रस्त्याच्या कडेनं चालला होता आणि ट्रॅक्टरचं पुढचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पितांबर परत परत सांगत होता, की मला तो दिसलाच नाही. गावानं त्याचा एकच अर्थ लावला. कौतिकनं भावाला चौकात सगळ्यांदेखत कानफटात मारली आणि दिवसाढवळ्या पितोस काय म्हणून विचारलं.

पितांबर पीत नाही हे बेबाबाईला पक्कं ठाऊक होतं. तोवर तिला त्याचा नुसता राग होता. त्या दिवसापासून ती त्याच्याकडे लक्ष देऊन बघायला लागली.

जेवायला बसला की पाण्याचा तांब्या त्याच्या कोपरानं लवंडायचा. हे कितीतरी दिवस चाललं होतं आणि ती चरफडत फडकं घेऊन यायची. आता तिनं पाहिलं, की तांब्या गुडघ्याच्या बाजूला ठेवला की लवंडतो, ताटासमोर ठेवला की लवंडत नाही. मग एके दुपारी ती भाकरी घेऊन त्याच्या उजव्या बाजूला, अगदी खांद्याजवळ, गुपचूप जाऊन बसली. पितांबर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. त्यानं हाक मारली, "भाकरी आण ना." ती डावीकडे जाऊन बसली. त्यानं पुन्हा हाक मारली.

"मी इथंच आहे," ती म्हणाली, तसा तो एवढा दचकला की ताट सांडलं.

तिनं कोणाला विचारलं नाही. माहेरी जाते म्हणून सांगितलं, पितांबरला बरोबर घेतलं आणि भुसावळहून गाडी पकडून जळगाव गाठलं. माहेरच्या ओळखीत डोळ्यांचे डॉक्टर अत्तरदे होते. त्यांनी पितांबरला समोर बसवलं, माझ्या नाकाकडे बघा म्हणाले आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. बोट दिसलं की सांगायचं. बोटं पार तोंडासमोर येईपर्यंत पितांबर गप्प होता. अत्तरद्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग घोड्याच्या डोळ्यांना दोन्हीकडून झापडं बांधतात तसं यांचं झालंय, असं त्यांनी बेबाबाईला सांगितलं. डोळे चांगले आहेत, नसा कुठंतरी आत दाबल्या जाताहेत. ट्रॅक्टर आजपासून बंद. मुंबईला जाऊन मेंदूचा फोटो काढायचा आणि तो घेऊन धुळ्याला डॉक्टर निकुंभांकडे जायचं. निकुंभांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात अशाच आजारांवर काम केलं होतं.

बेबाबाईचा भाऊ मगन त्यांना मुंबईला घेऊन गेला. फोटो निघाला, रक्त दिलं, आणि अहवाल हातात आल्यावर नवराबायको दोघंच एस.टी.नं धुळ्याला गेले.

डॉक्टर निकुंभ चाळिशीचे, बुटके, सावकाश बोलणारे होते. त्यांनी फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिला. मग पितांबरला डोकेदुखीचं विचारलं, झोपेचं विचारलं, दाढी किती दिवसांनी करता ते विचारलं. मुलंबाळं किती, म्हणाले.

"नाहीत," पितांबर म्हणाला. "हिच्यावर उपचार चालू आहेत."

डॉक्टरांनी बेबाबाईकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे. "बायकोजवळ जाता का?"

पितांबर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. आजपर्यंत कोणत्याही दवाखान्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिच्या पोटात हत्यारं घालताना विचारला नव्हता.

"ते सांगायचे नहीत, मी सांगते," ती म्हणाली. "तीन वर्षं होत आली. बागेत कंद लावलाच नही, आणि केळ का येत नही म्हणून माती खणून बघून राह्यले. माझी."

तिचा आवाज चढला होता, बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. डॉक्टरांनी उठून दार लोटलं. मग त्यांनी दोघांना समजेल असं सांगितलं. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ झाली होती. कॅन्सरची नव्हती. बाळंतिणीला दूध यायला शरीर जे द्रव्य करतं, त्याला प्रोलॅक्टिन म्हणतात. ते पुरुषाच्या रक्तातही असतं, पण चिमूटभर. ही गाठ ते पोत्यानं करत होती. ते एवढं वाढलं की पुरुषाची इच्छा मरते, ताकद जाते, दाढीसुद्धा विरळ होते. आणि गाठ वाढून वरच्या डोळ्यांच्या नसांना टेकली होती, म्हणून बाजूचं दिसेनासं झालं होतं.

"यात यांचा दोष नाही, आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यात तर काहीच नाही. तुमचे सगळे अहवाल चांगले आहेत."

बेबाबाईनं ते दुसरं वाक्य ऐकलं आणि तिला आनंद झाला नाही. मांडीवरची पिशवी फेकून मारावी असं वाटलं, कोणाला ते कळेना.

पितांबरनं ऑपरेशनचं विचारलं. आधी गोळ्या, डॉक्टर म्हणाले. ब्रोमोक्रिप्टिन नावाच्या. त्या गोळीनं प्रोलॅक्टिन खाली येतं आणि बहुतेक वेळा गाठही आकसते. नजर सुधारली नाही तर नाकातून ऑपरेशन करायचं बघू. पण गोळी घ्यायची ती सांगितल्याप्रमाणे. सुरुवात अर्ध्या गोळीनं, रात्री, पोटभर जेवणानंतर, आणि घेऊन आडवं व्हायचं. ही गोळी रक्तदाब एकदम खाली आणते. उपाशीपोटी घेतली, एकदम जास्त घेतली, तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो. मळमळेल, ते काही दिवसांत सोसतं. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. दारू नाही. मात्रा मी वाढवीन तशीच वाढवायची, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. बंद केली की गाठ पुन्हा वाढते. नसलेली माणसं दिसायला लागली, भलतेसलते विचार यायला लागले, स्वभाव पालटला, तर लगेच कळवायचं. एकाएकी भयंकर डोकं दुखलं किंवा नजर अंधारली, तर वाट न बघता गाडी करून यायचं. अत्तरद्यांकडे डोळे तपासत राहायचे आणि ते सांगतील तेव्हाच ट्रॅक्टर.

हे सगळं ते पितांबरला सांगत होते, पण लक्ष देऊन ऐकत होती बेबाबाई.

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागायला वेळ होता. पितांबरनं चहा आणला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघून तिला राहवेना.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"मले काय माहीत, मेंदूत गाठ आहे ते?"

"गाठीचं नही म्हणत मी. तुम्ही माझ्याजवळ येत नही, हे माहीत होतं ना? दुसऱ्या कोणाले नसेल, तुमाले तर होतं. मग मले तिथं काहाले जाऊ दिलं?"

पितांबरनं कप खाली ठेवला. मग तो हळू आवाजात म्हणाला, की लाज वाटायची. भाऊला कळलं असतं तर त्यानं गावभर केलं असतं. वाटायचं, होईल आपोआप ठीक.

"तुमची लाज माझ्या पोटातून काढली," बेबाबाई म्हणाली. "तीन वेळा."

तो रडायला लागला. एरवी तिला त्याचं रडणं बघवलं नसतं. त्या दिवशी तिनं चहा पिऊन कप परत केला आणि गाडी लागल्यावर खिडकीजवळ जाऊन बसली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, ती बाहेरच बघत होती. जळगावला मात्र ती स्टेशनकडे वळली नाही. रिक्षा केली आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. पितांबर मागे मागे.

डॉक्टरीणबाईंनी धुळ्याचा कागद वाचला. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, की त्यांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, मालकांनाही तपासणीला पाठवा म्हणून.

"कोणाले सांगितलं?"

"तुमच्या सासूबाईंना. त्या म्हणाल्या, त्याच्या भावाला तीन मुलं आहेत, आमच्या घरात तसलं काही नसतं."

"आणि तुम्ही ऐकून घेतलं."

डॉक्टरीणबाईंनी धुळ्याच्या कागदाची घडी घालून तो तिच्यापुढे सरकवला.

"बाई, टेबलावर मी होते," बेबाबाई म्हणाली. "सासू नव्हती. माझ्या उशाशी उभ्या राहून तुम्ही तिच्याशी बोलत होत्या. मले एकटीला एकदा विचारलं असतं, तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं."

डॉक्टरीणबाई तिला बसा म्हणाल्या. ती बसली नाही. तिनं आपले जुने सगळे अहवाल मागून घेतले आणि जिना उतरली. आता सासूचं सुद्धा तिला कळलं होतं, आणि ते घेऊन तिला त्याच घरात जायचं होतं.

घरी पितांबरनं फक्त डोळ्यांच्या नसांचं सांगितलं. बाकीचं नाही. बेबाबाईनं ते ऐकलं आणि गप्प राहिली. आधी त्याची नजर वाचू दे, मग बघू, असं तिनं मनाशी धरलं होतं. रोज जेवण झालं की ती अर्धी गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पहिले दिवस त्याला मळमळलं. मग ते कमी झालं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अर्धीची एक झाली.

पण कौतिकला हे पटेना. एवढ्याशा गोळीनं काय होतं, असं तो म्हणाला. माणसाला लवकर बरं व्हायचं असेल तर दाबून घ्यावं, ट्रॅक्टरवाचून कामं अडलीत. पितांबरच्या मनातही घाई होती. एका सकाळी बेबाबाई विहिरीवर असताना त्यानं बाटली उघडली, दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि काही न खाता बागेत गेला. पाणी द्यायला वाकला होता तो उभा राहिला आणि तसाच आडवा पडला. कपाळ दगडावर आपटलं. घड तोडणाऱ्या माणसांनी त्याला खाटेवर घालून घरी आणलं, तेव्हा तो पांढराफटक पडला होता आणि सदरा रक्तानं भिजला होता.

बेबाबाई धावत आली. तिनं त्याला सपाट निजवलं, पाय उशीवर उंच केले आणि गावच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, कपाळाला टाके घातले, सलाईन लावलं. थोड्या वेळानं पितांबरच्या तोंडावर रंग आला. तोपर्यंत धुरपदाबाईनं गोळ्यांची बाटली शोधून काढली होती आणि न्हाणीच्या मोरीत उपडी केली होती.

"माझ्या पोराला मारायला निघाली," ती ओट्यावर जाऊन म्हणाली. "स्वतःची कूस उजवत नही, आता त्यालेही संपवते."

बेबाबाई न्हाणीत गेली. मोरीच्या तोंडाशी काही गोळ्या विरघळून पांढरा गाळ झाला होता. ती तिथं ओणवी उभी राहिली आणि तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला रडू नाही आलं. तिनं हात धुतले, मगनला सावद्याहून फोन लावायला माणूस पाठवला, की धुळ्याला डॉक्टरांना विचार आणि गोळ्या घेऊन ये. दुसऱ्या दिवशी मगन गोळ्या घेऊन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा अर्धीपासून सुरू करा, जेवणानंतर, आणि बाटली बाईंच्या ताब्यात ठेवा. बेबाबाईनं बाटली ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

त्याच आठवड्यात बऱ्हाणपूरचा झुलाल आला.

दुपारची वेळ होती. झुलाल लोडाला टेकून बसला होता, कौतिक त्याला मुलीच्या घरचं विचारत होता, धुरपदाबाई दाराशी. पितांबर कपाळाला पट्टी बांधून खाटेवर. प्रमिलाबाईनं चहाचे कप भरले आणि ट्रे बेबाबाईच्या हातात दिला. आपल्या सवतीचं ठरतंय आणि चहा आपण न्यायचा, हे तिला एकदम इतकं स्पष्ट दिसलं, की तिनं ट्रे तसाच जमिनीवर ठेवला आणि बैठकीत जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, पण मान वर ठेवली.

"भाऊ, पावण्यांना अजून मुलगी विचारू नका," ती कौतिकला म्हणाली. "आधी यांचं ऐका."

कौतिकनं तिला आत जायला सांगितलं. ती हलली नाही. ती पितांबरकडे बघत होती.

"सांगा," ती म्हणाली. "तुम्ही नही सांगितलं तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर सगळं सांगेन. गोळी मी देईन. बोलायचं तुम्हाला आहे."

पितांबर उठून बसला. आधी बसायचं, मग उभं राहायचं, हे त्याला त्याही वेळी आठवलं. उभा राहून तो जमिनीकडे बघत म्हणाला, की दोष माझ्यात आहे. डोक्यात गाठ आहे, तिच्यानं डोळेही गेले आणि बाकीचंही गेलं. हिच्यात काही नाही. मी तीन वर्षं हिच्याजवळ गेलो नाही, आणि तुम्ही हिला जळगावला नेत होता तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

झुलालनं टोपी उचलून गुडघ्यावर ठेवली. कौतिक म्हणाला, की गोळ्यांनी याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

"परिणाम नही झाला, भाऊ," पितांबर म्हणाला. "झिपरूच्या बाबतीतही मी पिलेलो नव्हतो. तुम्ही मले चौकात मारलं."

धुरपदाबाई हळू आवाजात म्हणाली, की पुरुषाच्या अशा गोष्टी चारचौघांत काढत नाहीत.

"माझ्या काढल्या ना, आत्याबाई," बेबाबाई म्हणाली. "ओट्यावर बसून काढल्या. आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी तुमाले सांगितलं होतं, पोराला पाठवा म्हणून. तुम्ही घरी येऊन सांगितलं नही."

सासूनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. चहा कोणी घेतला नाही. झुलाल संध्याकाळच्या गाडीनं गेला आणि पुन्हा आला नाही.

त्यानंतर बेबाबाई आणि पितांबर खळ्यालगतच्या दोन खोल्यांत वेगळे राहायला लागले. गोळी पुन्हा अर्धीपासून सुरू झाली, मग हळूहळू वाढत गेली, दर खेपेला धुळ्याला विचारून. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा जेवताना पितांबरनं खांद्याजवळ बसलेल्या मांजराला मान न वळवता हाकललं. बेबाबाईनं ते पाहिलं. अत्तरद्यांनी बोटं हलवून पाहिली आणि बरीच सुधारणा आहे म्हणाले; डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात थोडा अंधार राहिला तो कायमचा राहिला. ऑपरेशनची गरज पडली नाही. पावसाळ्यानंतर त्यांनी ट्रॅक्टरला परवानगी दिली. पितांबर आधी झिपरूकडे गेला आणि आपल्या डोळ्यांचं सांगितलं. झिपरूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, प्यालेला असता काय आणि आंधळा असता काय, पाय माझाच मोडला. पितांबरनं त्याला पाणी सोडायच्या बसल्या कामाला ठेवलं, पण झिपरू त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलला नाही.

रक्तातलं प्रोलॅक्टिन उतरलं तशी पितांबरची दाढी दाट झाली, सुस्ती गेली. मग एक दिवस तो तिच्याजवळ सरकला. तिनं त्याचा हात बाजूला केला.

"मले वेळ लागेल," ती म्हणाली. "माझ्या अंगाला आतापर्यंत कोणीही विचारलं नही. आता विचारायचं, आणि मी नही म्हटलं तर ऐकायचं."

त्यानं ऐकलं. किती दिवस ऐकावं लागेल हे त्यानं विचारलं नाही, आणि तेवढ्यानं तिचा राग थोडा उतरला. सगळा नाही.

मुलगी झाली ती ब्याण्णव सालच्या थंडीत, बेबाबाईच्या माहेरी. डॉक्टर निकुंभांनी गोळी चालूच ठेवायला सांगितली होती, ती चालू होती. बारशाला धुरपदाबाई आली, नातीसाठी चांदीचे वाळे घेऊन. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. धुरपदाबाई सगळ्यांना सांगत होती, की पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलले होते, देव पावला, सुनेची कूस उजवली.

बेबाबाईनं दोन वेळा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आत्याबाई, देवाला हात जोडा, मी पण जोडते. पण माझी कूस चांगलीच होती. औषध तुमच्या पोराला दिलं."

एक म्हातारी बाई तोंडाला पदर लावून हसली. धुरपदाबाई वाळे हातात धरून तशीच उभी राहिली, मग वाकून ते तिनं मुलीच्या पायांत घातले, बेबाबाईकडे न बघता. बेबाबाईनं ते घालू दिले. मुलगी किरकिर करायला लागली तशी तिनं पाळण्याची दोरी ओढली, जरा जोरातच, आणि शेजारी बसलेल्या भावजयीनं हळू, हळू म्हणून तिचा हात धरला.